उभी रुग्णवाहिका, बसलेली बॅटरी: नवी घेण्याआधी हे तपासा

"दादा, काल संध्याकाळी बरी होती. आता सेल्फ मारतोय तर नुसती टकटक." किनाऱ्यावरच्या गावात रुग्णवाहिका सांभाळणाऱ्याच्या तोंडून पावसाळ्यात हे वाक्य एकदा तरी निघतंच. मग कोणाच्या तरी जीपची बॅटरी जोडून गाडी उठवायची, रुग्ण पोचवायचा आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पैशातून नवी बॅटरी आणायची. चार-सहा महिने बरे जातात, मग पुन्हा टकटक सुरू.

माझं मत सरळ आहे. वर्ष-दीड वर्षात दुसरी बॅटरी लागत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. एक तर तिच्यापासून स्टार्टरपर्यंतची (सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंतची) वाट गंजली आहे, नाहीतर गाडी उभी असताना काहीतरी गुपचूप वीज पीत बसलं आहे. कोकणात बहुतेक वेळा दोन्ही एकदम असतं, म्हणूनच एक दुरुस्त करून गाडी सुधारत नाही आणि शेवटी "कंपनीचा मालच खराब" म्हणून विषय मिटतो.

१०८ च्या गाड्यांना हा त्रास कमी दिसतो, कारण त्या सतत धावतात. ट्रस्टची, पतसंस्थेची किंवा ग्रामपंचायतीची गाडी आठवड्यातून एखाद-दोनदा निघते. बाकी वेळ पत्र्याच्या शेडमध्ये समुद्राचं वारं खात उभी असते. धावण्याने रुग्णवाहिका झिजते हे खरं, पण उभं राहून ती त्याहून लवकर खराब होते.

कॉल आलाय आणि गाडी उठत नाही

अशा वेळी दुरुस्ती करत बसू नका. आधी १०८ ला फोन लावा, शेजारच्या गावच्या गाडीला फोन लावा आणि नातेवाइकांना स्पष्ट सांगा. "पाच मिनिटांत निघतो" म्हणत अर्धा तास घालवला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. दुसरी गाडी निघाल्याची खात्री झाल्यावर बॉनेट उघडा.

ढकलून चालू करण्याचा मोह टाळा. जुन्या डिझेल गाड्या उतारावरून गिअर टाकून उठायच्या. आताच्या कॉमन रेल इंजिनात पंप, इंजेक्टर, सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. बॅटरी पार उतरली असेल तर कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनचा संगणक, जागंच होत नाही, मग माणसं कितीही ढकलोत. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही काम करत नाहीत. घाटीच्या उतारावर हा खेळ नको.

दुसऱ्या गाडीची वीज घ्यायची तर क्रम असा: लाल केबलचं एक टोक आपल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक आपल्या बॅटरीला न लावता आपल्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे उडायला नको. विडी-सिगारेट ओढत मदतीला आलेल्या मंडळींना बाजूला करा. गाडीत ऑक्सिजन सिलिंडर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे ना, हेही बघून घ्या.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे अर्धा मिनिट तरी थांबा. नाहीतर बॅटरीच्या दुखण्यात स्टार्टर जळायचा.

आवाज काय सांगतो

हेडलाइट लावून सेल्फ मारा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा. टकटकटक असा भराभर आवाज आला आणि दिवा मिणमिणला, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड खराब आहे. एकच ठोस "टक" आला आणि दिवा तसाच लख्ख राहिला, तर संशय स्टार्टर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (त्याला वीज जोडून देणाऱ्या स्विचवर). काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डही अंधारात, तर टर्मिनल सैल आहे की मेन फ्यूज गेला आहे ते बघा.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि गफलतही तिथेच होते. उतरलेली बॅटरी आणि गंजलेला जोड, दोन्हींचा आवाज हुबेहूब सारखा. कानाने फरक कळत नाही, तिथे मल्टिमीटर लागतो. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. हजारोंची बॅटरी घेण्याआधी तो घेतला तर संस्थेचा खजिनदार नक्की दुवा देईल.

मीटर कुठे लावायचा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा निघतो, वरवरचा चार्ज उतरायला काही तास लागतात.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. भरलेली बॅटरीसुद्धा सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर ती आतून थकली आहे. ही एक वेळ खरोखर बॅटरी बदलायची. आकडा ११ च्या वर राहतोय आणि तरीही इंजिन जेमतेम फिरतंय, तर बॅटरी बरी आहे. तिची ताकद वाटेत हरवते आहे.

ती कुठे हरवते हे शोधायची एक युक्ती आहे, आणि ती करून बघितल्याशिवाय मी कोणाला बॅटरी घेऊ देत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. जंपर केबलची एकच काळी तार घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. आता सेल्फ मारा. मघाशी कण्हणारं इंजिन झटकन फिरलं तर निदान झालं: बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन ही अर्थची, म्हणजे वीज परतण्याची, वाट खराब आहे. तुम्ही तिला फक्त बगल दिलीत.

मीटरने हेच मोजता येतं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर आणि सेल्फ. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ साफ करायला घ्या. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते स्टार्टरचा मोठा बोल्ट. एवढ्याशा गंजाने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब: स्टार्टर सहज २०० अँपिअर ओढतो. जोडात ०.०१ ओहमचा अडथळा असला तर तिथेच २ व्होल्ट संपतात. बाराच्या बॅटरीत दोन गेले की उरलं काय? दिव्याला मात्र हा अडथळा जाणवतही नाही, म्हणून "लाइट तर लागतेय" हा पुरावा कामाचा नाही.

खारं वारं काय करतं

समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून मिठाचा थर बसलेला बोल्ट उन्हाळ्यातही नीट सुकत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. गुहागर, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला लागून शेड असेल तर गाडी जागची न हलताही गंजते.

दोन वेगळे गंज ओळखा. बॅटरीच्या खुंटीवर जमणारी पांढरी-निळसर भुकटी ही ॲसिडच्या वाफेची करामत. ती दिसते, म्हणून सगळे तीच घासतात. अर्थच्या वायरीवरचा हिरवा थर मिठाचा. तो खाली, गिअरबॉक्सजवळ, चिखलाआड असतो, म्हणून कोणी बघत नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारी विणलेली चपटी पट्टी शोधा. ती तुटत आली असेल, हाताने चुरगळत असेल तर बदलाच. गोल वायर असेल तर टोकाजवळची प्लॅस्टिकची नळी थोडी कापून आत बघा. तांबं काळं पडलं असेल तर फक्त टोक घासून उपयोग नाही, काळेपणा आत बराच वर चढलेला असतो.

साफ करताना चावी बंद करून दोनेक मिनिटं थांबा. बीएस-६ (नव्या प्रदूषण-नियमांच्या) गाड्यांत धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा असेल तर ती चावी बंद केल्यावरही थोडा वेळ पाइप रिकामे करत असते. मग आधी निगेटिव्ह सोडवा, नंतर पॉझिटिव्ह. मगभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून खुंट्या धुवा. झाकणातून सोडा आत जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड बाद होईल. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. अर्थच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू चमकेपर्यंत घासा. कोरडं करा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट, असं नको. जोडताना उलटा क्रम, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी.

आणि ते व्हॅसलीनचे, ग्रीसचे हात साबणाने धुतल्याशिवाय ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेल-ग्रीसची गाठ पडली तर आग लागते. रुग्णवाहिकेत मेकॅनिक आणि सिलिंडर बदलणारा एकच माणूस असतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

गाडीचं पोट महिन्यातून दोनदा गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मिठाचा आणखी एक हात फिरवणं. पाण्याचा जोराचा फवारा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) आणि फ्यूज बॉक्सवर मारू नका.

उभ्या गाडीत वीज कोण पितं

जोड स्वच्छ, तरी दोन दिवसांत बॅटरी उतरते. आता चोर शोधायचा. मीटर अँपिअरवर, १० अँपिअरच्या भोकात लाल वायर. निगेटिव्ह केबल सोडवून मीटर मधे जोडा. दारं बंद, चावी काढलेली, बॉनेटची लाइट असेल तर तिचं बटण दाबून ठेवलेलं. लगेच वाचू नका. गाडीतली कंट्रोल युनिटं झोपी जायला वीस-तीस मिनिटं घेतात. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. रुग्णवाहिकेत जीपीएस वगैरेमुळे थोडं वर जाईल. पण अर्धा अँपिअर दिसला तर हिशेब करा: तीन दिवसांत ३६ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला, काहीही न करता. वर्षभर वापरलेल्या बॅटरीला तेवढं पुरे. आणि अशी अर्धी रिकामी राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते, म्हणजे प्लेटांवर कडक थर बसतो, मग पुरती भरतच नाही. नवी बॅटरी सहा महिन्यांत म्हातारी होते ती अशी.

आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. कुठला काढल्यावर आकडा पडतो ते बघा. रुग्णवाहिकेत पहिला संशयित इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी तो चालू असेल तर वीज पितो. त्याचं बटण मागच्या कपाटात, स्ट्रेचरच्या आड, आणि रुग्ण उतरवल्यावर ते बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहत नाही. दुसरा संशयित मागच्या दाराचं बटण. मिठाने ते अडकलं की दार बंद असूनही पायरीचा दिवा जळत राहतो. दिवसा दिसत नाही, म्हणून रात्री शेडमध्ये अंधार करून काचेतून बघा. तिसरा, नंतर कोणीतरी देणगीत बसवून दिलेल्या वस्तू: दुसरा सायरन, पंखा, मोबाइल चार्जर, सजावटीची पट्टी. यांच्या वायरी थेट बॅटरीच्या खुंटीवर, फ्यूज नाही, एकाच बोल्टखाली पाच. ही केवळ बॅटरीची तक्रार नाही. ज्या केबिनमध्ये ऑक्सिजन गळू शकतो तिथे फ्यूज नसलेली घासलेली वायर ठेवणं जिवावरचं आहे. प्रत्येक जादा वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवाच. नसेल तर ती वस्तू आजच सोडवून ठेवा, देणगीदाराला राग आला तरी.

फ्यूज सगळे काढले आणि आकडा तसाच? मग अल्टरनेटर. त्याच्यातला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळायला लागला की वीज उलटी मागे वाहते. त्याची जाड वायर निगेटिव्ह सोडवलेल्या अवस्थेत काढा, टोक टेपने झाका, पुन्हा मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर दुरुस्तीला द्या. हे गॅरेजमध्ये सांगताना "बॅटरी बसते" एवढंच सांगू नका. "अल्टरनेटरची वायर काढल्यावर ड्रेन थांबतो" असं सांगा, म्हणजे इलेक्ट्रिशियन पहिल्या मिनिटाला नवी बॅटरी पुढे करणार नाही.

चार्जिंग: उभं इंजिन पुरत नाही

"रोज सकाळी पंधरा मिनिटं चालू ठेवतो" हे बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. यातून चार्ज जेमतेम होतो. आयडलवर, म्हणजे जागच्या जागी संथ फिरणाऱ्या इंजिनवर, अल्टरनेटर पूर्ण ताकदीने वीज देत नाही, त्यात एसी, ब्लोअर, मागचे दिवे लावले तर कधी कधी बॅटरीतूनच जाते. इन्व्हर्टरवर २०० वॅटचं उपकरण म्हणजे बॅटरीवर १७ अँपिअर, नुकसान धरून वीसच्या जवळ. शिवाय बीएस-६ डिझेलमध्ये नुसतं उभं इंजिन चालवण्याने काजळीचा फिल्टर तुंबतो. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा अर्धा तास महामार्गावर फिरवून आणा. परत आल्यावर उभ्या गाडीत इंजिन थोडं चढवून बॅटरीवर मीटर धरला की १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नवीन गाड्यांत हा आकडा जरा खाली-वर होतो, पण तो सतत १३ च्या खाली असेल तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा, मग अल्टरनेटर.

उत्तम उपाय म्हणजे शेडमध्ये कायमचा ऑटोमॅटिक चार्जर, भरल्यावर आपोआप धार कमी करणारा. साधा जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर रात्रभर लावून ठेवू नका, बॅटरी उकळते. अर्थिंग असलेला सॉकेट, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पावसात न भिजणारी जागा आणि हवा खेळती. प्लग लावलेला असताना गाडी निघू नये म्हणून चावी प्लगच्या बाजूलाच टांगा: प्लग काढल्याशिवाय चावी हाताला लागू नये.

लाइट जाते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या बाजूला कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी चार्जरचा भरवसा नाही. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा. तो फिरवण्याआधीही चावी बंद करून ती दोन मिनिटं थांबायचंच. कट-ऑफ केल्यावर मॉनिटर, सक्शन मशीन (रुग्णाच्या घशातला स्राव ओढून घेणारं) यांची स्वतःची बॅटरी चार्ज होत नाही, ती वेगळी चार्जिंगला लावावी लागते. स्विच कुठे आहे हे एकट्या ड्रायव्हरला माहीत असून भागत नाही, बदली ड्रायव्हरलाही दाखवा. नाहीतर रात्री दोनला तो बॉनेटखाली बॅटरी शोधत बसेल.

रुग्ण मागे असताना संशय आला तर

सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात किंवा गगनबावड्यावरून कोल्हापूरला रेफर केलेला रुग्ण नेताना बॅटरीचा लाल दिवा लागला, तर इंजिन बंद करू नका, पुन्हा उठेलच असं नाही. एसी, मागचा पंखा, चार्जर बंद करा. दिवसा असाल तर सायरन गरजेपुरता. हेडलाइट आणि वायपरची वीज शेवटपर्यंत राखा, करूळ घाटाच्या धुक्यात तेच लागणार आहेत. त्याच दिव्यासोबत स्टिअरिंग जड झालं किंवा तापमानाचा काटा चढला तर पट्टा तुटला असण्याची शक्यता आहे. मग मात्र सुरक्षित जागी थांबा आणि दुसरी गाडी मागवा.

सिलिंडरमधून मास्कने जाणाऱ्या ऑक्सिजनला विजेची गरज नसते, हे नातेवाइकांना सांगा, घाबरणं निम्मं कमी होतं. व्हेंटिलेटर आणि सक्शन मात्र विजेवर. म्हणून हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि हाताची किंवा पायाची सक्शन गाडीत असायलाच हवी, कपाटाच्या तळाशी न ठेवता हाताशी. निघण्याआधी सोबतच्या डॉक्टर किंवा सिस्टरना बॅटरीचा त्रास आहे हे सांगून टाका. रुग्णालयाच्या पोर्चमध्ये इंजिन चालू ठेवावं लागलं तर गाडी अशी लावा की धूर दारातून आत किंवा मागच्या केबिनमध्ये शिरणार नाही.

एवढं करून बॅटरी खरोखरच संपलेली निघाली तर कंपनीने सांगितलेल्याच मापाची आणि तेवढ्याच अँपिअर-तासांची घ्या, पेटीवर तयार झाल्याचा महिना बघून. दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेली "नवी" बॅटरी तिथेच सल्फेट धरून बसलेली असते. बसवताना तिचा क्लॅम्प आवळला आहे का ते स्वतः हलवून बघा. बरेचदा जुना क्लॅम्प गंजून तुटलेला असतो आणि बॅटरी नुसती ट्रेमध्ये ठेवून दिली जाते. आपल्या रस्त्यांवरच्या धक्क्यांनी आतल्या प्लेटा सुटतात. क्लॅम्प बाजारात मिळाला नाही तर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या आणि त्याच खेपेला ट्रेच्या तळाला ॲसिडला टिकणारा रंग मारून घ्या.